चोक ओढला की नीट चालते

फलटण तालुक्यात, नीरा उजव्या कालव्याच्या बाजूच्या एका गावात, बारा-तेरा वर्षं वापरलेली एक स्प्लेंडर अंगणात मधल्या स्टँडवर उभी होती. पाने, पक्कड, प्लगपाना जुन्या धोतराच्या तुकड्यावर मांडून ठेवलेले होते. पण अर्धा तास झाला तरी गाडीला कुणी हात लावला नव्हता. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले काका खाटेवर बसून पुतणीला प्रश्न विचारत होते. पुतणी रोज याच गाडीवरून दवाखान्यात नोकरीला जाते.

"बंद कवा पडती?"

"चौकात. रेस सोडली की."

"गार असताना का तापल्यावर?"

"सकाळी जास्त. तापल्यावरबी पडती, पण कमी."

"पळताना आचके देती का?"

"न्हाई. साठला नीट पळती. पावसात मात्र मधीच झटका देती."

"चोक वढून बघितलास?"

"वढला की नीट चालती, काका."

काका माझ्याकडे वळून म्हणाले, "निम्मं काम झालं बघा."

या अंकासाठी संपादकांनी 'घरची दुरुस्ती' असा विषय दिला, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आधी मोटरसायकलच आली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या जवळपास निम्म्या घरांत दुचाकी आहे. त्यातल्या कितीतरी घरांत ती बंद पडली की दुधाचे कॅन, शाळेची मुलं, पाळीची नोकरी, सगळंच अडतं. इंजिन नीट चालेना म्हणून माणसं गॅरेजात जातात आणि प्लग, एअर फिल्टर, कॉइल, कार्बोरेटर असं एकेक बदलून घेतात. खिसा रिकामा होतो आणि गाडी पुन्हा चौकात बंद पडते. घरी बसून दुरुस्ती करणारी चांगली माणसं यापेक्षा वेगळं काय करतात ते मला पाहायचं होतं. फलटणला, मग हडपसरच्या एका गॅरेजात आणि पुढे चिपळूणला जे पाहिलं, त्यात हाताच्या कौशल्याइतकाच वाटा प्रश्नांचा होता.

इंजिनच आहे ना?

हडपसरच्या मिस्त्रींनी सगळ्यात आधी मला एक गोष्ट बजावली. गाडी झटके देते म्हणून आलेल्या प्रत्येक गाडीत दोष इंजिनाचाच असतो असं नाही. चेन ढिली असेल, स्प्रॉकेटचे दात झिजले असतील, तर रेस देता-सोडताना गाडी हिसके देते आणि चालवणाऱ्याला वाटतं इंजिन आचके देतंय. मागचा ब्रेक धरून राहिला असेल तर गाडी ओढत नाही आणि लोक पिकअप गेला म्हणतात. क्लच घसरत असेल तर इंजिनाचा आवाज चढतो, वेग मात्र चढत नाही. म्हणून ते गाडी मधल्या स्टँडवर घेतात, न्यूट्रलमध्ये मागचं चाक हाताने फिरवतात, चेन वर-खाली हलवून बघतात आणि मगच किक मारतात. घरी कुणालाही करता येईल अशी ही तपासणी आहे आणि तीच सगळ्यात जास्त वेळा राहून जाते.

इंजिन चालायला तीन गोष्टी वेळेवर मिळाव्या लागतात: योग्य प्रमाणात मिसळलेली हवा आणि पेट्रोल, वेळेवर पडणारी ठिणगी, आणि मिश्रण दाबून धरणारं सिलिंडर. फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांत एकदा ज्वलन होतं. स्प्लेंडरसारखी गाडी स्लोवर मिनिटाला चौदाशे फेऱ्यांच्या आसपास राहायला हवी, म्हणजे मिनिटाला सातशे स्फोट. वेगात सहा हजार फेऱ्यांवर तेच सेकंदाला पन्नास होतात. स्लोवर असताना एक स्फोट हुकला तरी गाडी थरथरते, कारण पुढचा स्फोट येईपर्यंत तिला सावरायला पुरेशी गती नसते. जोरात पळताना हुकलेला स्फोट चाकाच्या वेगात बुजून जातो. काकांनी पहिलाच प्रश्न 'कवा' असा का विचारला, ते यातून कळतं.

कार्बोरेटरात तर प्रत्येक वेळेसाठी वेगळी वाट आहे. रेस सोडलेली असताना पेट्रोल पायलट जेटमधून, म्हणजे मिस्त्री ज्याला स्लो जेट म्हणतात त्यातून येतं. अर्धी रेस असताना सुई किती वर उचलली आहे त्यावर सगळं ठरतं. पूर्ण रेस दिली की मेन जेटचं राज्य. गाडी साठला नीट पळते आणि रेस सोडली की मरते, याचा अर्थ मेन जेटपर्यंत पेट्रोल व्यवस्थित पोचतंय, टाकी आणि कॉक बहुधा ठीक आहेत, आणि दोष लहान वाटेवर आहे. उलट स्लोला गुण्यागोविंदाने चालणारी आणि चढाला गुदमरणारी गाडी असेल तर मेन जेट, कॉकची जाळी किंवा चोंदलेला एअर फिल्टर बघायचा.

चोकचं उत्तर तर आणखी बोलकं. चोक ओढल्यावर हवा कमी होते, पेट्रोलचं प्रमाण वाढतं. त्याने गाडी सुधारत असेल तर तिला पेट्रोल कमी पडत होतं किंवा कुठून तरी जास्तीची हवा आत येत होती. चोक ओढल्यावर ती आणखी बिघडली, काळा धूर सोडायला लागली, तर आधीच पेट्रोल जास्त होतं. एकही नट न काढता एवढं कळतं.

प्लगचं तोंड

पुतणीने प्लगची कॅप काढली. वायरला न धरता कॅपलाच धरून. मग प्लगच्या भोवतीच्या खाचेत सायकलच्या पंपाने हवा मारली, कारण तिथे साचलेली माती प्लग काढताना सिलिंडरमध्ये पडू शकते. इंजिन गार होतं. हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि तापलेल्या हेडातून घाईने प्लग ओढला तर आटेच निघून येतात, असं काकांनी तिला आधीच सांगून ठेवलेलं होतं.

प्लग हातात आला तेव्हा काकांनी चष्मा सरसावला. मधल्या इलेक्ट्रोडभोवतीचं चिनी मातीचं नाक फिकट, जवळजवळ पांढरं होतं. कडेला जरा राखाडी. तेलाचा ओलावा नाही, काजळी नाही. "बघ," काका म्हणाले, "हिला पेट्रोल कमी मिळतंय. तू म्हणत हुतीस तेच प्लग म्हणतोय."

प्लगचं तोंड वाचणं ही जुनी विद्या आहे. बिस्किटी किंवा विटकरी रंग आला की मिश्रण ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, फिल्टर चोंदलेला किंवा चोक अडकलेला. काळा आणि तेलकट ओला असेल तर सिलिंडरमध्ये ऑइल जातंय, रिंग किंवा व्हॉल्व्हचे सील बघायला हवेत. नुसताच पेट्रोलने ओला असेल तर एकतर ठिणगी पडत नाही किंवा किक मारून मारून गाडी ओव्हर झाली आहे. पांढरा आणि भाजलेला असेल तर मिश्रण पातळ किंवा प्लगच त्या गाडीचा नाही. दिसायला सारखे प्लग उष्णता वाहून नेण्यात वेगळे असतात, म्हणून प्लगवरचा नंबर पुस्तिकेतल्या नंबराशी जुळवून बघायचा.

ठिणगी बघताना काकांनी पुतणीला एका गोष्टीवर थांबवलं. प्लग कॅपमध्ये बसवून, त्याचे आटे हेडच्या उघड्या धातूला टेकवून किक मारतात, ते तिने बरोबर केलं. पण प्लग काढलेल्या भोकाच्या अगदी जवळ धरला होता. किक मारली की त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि शेजारी ठिणगी पडत असते. "लांब धर, तिकडं हेडाच्या कोपऱ्याला." ठिणगी निळी आणि टणक पडली. पण निळी ठिणगी दिसली म्हणून इग्निशन निर्दोष ठरत नाही. उघड्या हवेत ठिणगीला उडी मारायला सोपं जातं. सिलिंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणात तीच उडी मारायला कितीतरी जास्त दाबाचा करंट लागतो. म्हणून बाहेर चांगली दिसणारी ठिणगी भार पडल्यावर दगा देऊ शकते.

पुण्याजवळच चाकणला बनणाऱ्या पल्सरने २००३ पासून एका सिलिंडरला दोन प्लग लावले. त्यातला एक मेला तरी गाडी चालत राहते, फक्त ओढ कमी होते आणि स्लोला थरथर येते. हडपसरच्या मिस्त्रींकडे अशा गाड्या वरचेवर येतात. मालकाने एकच, समोर दिसणारा प्लग बदललेला असतो. दुसऱ्या बाजूचा प्लग आहे हेच त्याला ठाऊक नसतं.

पेल्यातला थर

कॉक बंद करून पुतणीने कार्बोरेटरच्या वाटीखाली काचेचा पेला धरला आणि खालचा ड्रेन स्क्रू सैल केला. पेट्रोल पेल्यात आलं. काकांनी पेला उन्हात धरला. वर पिवळसर पेट्रोल, तळाला बोटाच्या पेराएवढा वेगळा थर आणि त्यात तांबूस कण. दोन द्रवांच्या मधली रेघ स्पष्ट दिसत होती.

मग वाटी उघडली. पितळेचा स्लो जेट आटे असलेल्या नळीसारखा लहानसा असतो, त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक. पुतणीने तो निघाल्यावर डोळ्यापुढे धरून आकाशाकडे पाहिलं. मेन जेटमधून उजेडाचा गोल टिपका दिसला होता, यातून काहीच दिसेना. तिने सुई मागितली. काका ताडकन म्हणाले, "सुई न्हाई. तारबी न्हाई." पितळ मऊ असतं. सुईने भोक रुंदावलं की तो जेट कायमचा जास्त पेट्रोल सोडतो आणि नव्या दोषाची सुरुवात होते. त्यांनी जेट थोडा वेळ कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवला, दात घासायच्या जुन्या ब्रशचा एक केस त्यातून ओवला आणि पंपाने हवा मारली. रबराचे ओरिंग मात्र क्लीनरपासून लांब ठेवले, कारण त्यात ते फुगतात. चौथ्या वेळी आकाश दिसलं.

भोक बुजतं कसं, तर गाडी महिनाभर उभी राहिली की वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट राळेसारखा थर राहतो. तो आधी सगळ्यात बारीक वाटेत बसतो. मधल्या काळात पुतणी बाळंतपणासाठी माहेरी होती, गाडी गोठ्याशेजारी उभी होती. तोच हा महिना. गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवायचं, म्हणजे वाटी रिकामी होते. हा उपाय काही मिनिटांचा आहे.

जेट बसवून, गाडी तापवून मग स्लोचा स्क्रू आणि मिश्रणाचा स्क्रू लावायचा. इथे बरेच हात चुकतात. मिश्रणाचा स्क्रू कार्बोरेटरच्या फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो हवा सोडतो, बाहेर काढला की मिश्रण पातळ होतं. इंजिनकडच्या बाजूला असेल तर तो पेट्रोल सोडतो आणि बाहेर काढला की मिश्रण घट्ट होतं. काकांनी तो हलक्या हाताने पूर्ण आत नेला, मोजून बाहेर आणला, मग पाव-पाव फेरी फिरवत इंजिनाचा वेग सगळ्यात जास्त कुठे चढतो ते कानाने पकडलं आणि शेवटी स्लोचा स्क्रू खाली आणला. एका वेळी एकच स्क्रू, आणि प्रत्येक वेळी थांबून ऐकणं. दोन स्क्रू एकदम फिरवले की कशाने सुधारलं ते कधीच कळत नाही.

दुसरा दोष

गाडी स्लोवर छान थांबायला लागली. काम संपलं असं मला वाटलं. काकांना मात्र पावसातला झटका आठवत होता. त्यांनी तांब्यातलं पाणी बोटांनी प्लगच्या कॅपवर शिंपडलं. इंजिन लगेच अडखळलं, दोनदा बॅक मारलं आणि थांबलं.

कॅप काढून नीट पाहिली तेव्हा तिच्या अंगावर केसासारखी चीर होती. कोरड्यात करंट प्लगकडे जातो, ओल झाली की चिरेतून हेडाकडे पळतो. रात्री दिवा बंद करून, इंजिन चालू ठेवून बघितलं तर अशा चिरेतून किंवा वायरमधून उडणाऱ्या निळ्या ठिणग्या डोळ्यांना दिसतात. फलटणच्या बाजारातून नवी कॅप आणली, वायरचं गंजलेलं टोक थोडं कापून ती घट्ट बसवली आणि पाणी पुन्हा शिंपडून पाहिलं.

एकाच गाडीत एका वेळी दोन दोष असणं अगदी नेहमीचं आहे आणि घरच्या दुरुस्तीत माणूस हरतो तो इथेच. पहिला दोष निघाला की तो दुसऱ्याचाही दोष त्याच्यावर टाकतो, किंवा दुसरा शिल्लक राहिला म्हणून पहिली दुरुस्ती फुकट गेली असं समजून सगळं पुन्हा खोलतो.

तिथेच एक दूधवाले आजोबा आपली गोष्ट सांगून गेले. त्यांची गाडी घरातून निघाली की तीन-चार किलोमीटरवर बंद पडायची, थोडा वेळ थांबलं की पुन्हा चालायची. कॉइल बदलली, कार्बोरेटर धुतला. शेवटी रस्त्यावर वैतागून टाकीत पेट्रोल आहे का बघायला त्यांनी झाकण उघडलं तेव्हा 'सूं' आवाज झाला आणि गाडी किकला लागली. टाकीच्या झाकणाला हवा आत यायला एक लहान भोक असतं, ते मातीने बुजलं होतं. पेट्रोल खाली जाईल तशी टाकीत पोकळी होत गेली आणि पेट्रोल उतरणंच थांबलं. तापल्यावर बंद पडणारी आणि गार झाल्यावर चालणारी गाडी कॉइलचीही असू शकते. दोन्हींतला फरक झाकण उघडून एका मिनिटात कळतो.

उसाचं पेट्रोल

पेल्याच्या तळाला असलेला थर कसला, हे समजायला त्याच परिसरातल्या साखर कारखान्यांकडे बघावं लागतं. उसाच्या मळीपासून आणि रसापासून बनणारं इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळलं जातं. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात वीस टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट २०३० साठी होतं, ते पुढे २०२५-२६ वर आणलं गेलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल निवडक पंपांवर मिळू लागलं आणि २०२५ मध्ये देशाने सरासरीत तो टप्पा गाठला. ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला याचा फायदा आहे आणि फलटण-माळशिरस पट्ट्यात त्याबद्दल कुणाची तक्रार मी ऐकली नाही.

गाडीच्या बाजूने मात्र दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली पाण्याची. इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी ते आपल्यात मुरवतं, मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतात. पावसात टाकीच्या झाकणातून गेलेलं पाणी, अर्धी रिकामी टाकी, आणि महिनाभर उभी गाडी. पेल्यातला थर तिथून आला. दुसरी गोष्ट हवेची. एक किलो पेट्रोल पूर्ण जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, म्हणजे लिटरमागे नऊ हजार लिटरच्या आसपास. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असल्याने त्याला किलोमागे नऊ किलोच पुरते. जुन्या पेट्रोलवर बेतलेला कार्बोरेटर तेवढीच हवा घेत राहतो, म्हणून मिश्रण थोडं पातळ पडतं. चांगल्या स्थितीतल्या गाडीला ते जाणवतही नाही. जिचा स्लो जेट आधीच अर्धा बुजलाय, तिला ते चौकात थांबवतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या दुचाकींचं मायलेज तीन ते चार टक्के घटेल असा अंदाज दिला होता. इथेनॉलमध्ये कमी ऊर्जा असते, त्यामुळे ते समजण्यासारखं आहे. जुन्या गाड्यांच्या पाइप आणि सीलकडे वर्षातून एकदा तरी बघायला हवं, कारण जुन्या धाटणीच्या रबराला इथेनॉल सोसत नाही.

पातळ मिश्रणाचा आणखी एक गुन्हेगार असतो, कार्बोरेटर आणि हेड यांच्या मधलं रबर किंवा पॅकिंग. त्याला चीर पडली की तिथून चोरटी हवा आत येते. इंजिन स्लोवर असताना त्या सांध्यावर साबणाचं पाणी सोडलं आणि इंजिनाचा सूर बदलला तर चीर सापडली. काही जण हेच पेट्रोल शिंपडून करतात. तापलेल्या सायलेन्सरच्या बाजूला ते करू नये, हे मी अगदी कळकळीने सांगतो. बंद खोलीत इंजिन चालू ठेवणंही तितकंच घातक. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता माणसाला झोपवतो.

टॅपेटची फट

हवा, पेट्रोल, ठिणगी सगळं ठीक असूनही गाडी स्लोला नीट थांबत नसेल तर व्हॉल्व्ह बघायचे. टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या आर्मच्या मधली फट. शंभर सीसीच्या गाड्यांत ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आत-बाहेर असते, नेमका आकडा पुस्तिकेत पाहायचा आणि फीलर गेजच्या पट्टीने मोजायचा. इंजिन पूर्ण गार हवं, आणि मॅग्नेटवरची टी खूण वर आणून दोन्ही आर्म मोकळे हलतायत याची खात्री करायची. ते हलत नसतील तर इंजिन चुकीच्या फेरीत आहे, अजून एक पूर्ण फेरी फिरवायची.

टॅपेट वाजतात म्हणून लोक ते आवळून घेतात. हडपसरचे मिस्त्री यावर चिडतात, आणि त्यांचं बरोबर आहे. थोडं वाजणारं टॅपेट फक्त आवाज करतं. आवळलेलं टॅपेट व्हॉल्व्ह पूर्ण बंद होऊ देत नाही. मग दाब गळतो, एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह कडेने भाजत जातो आणि एक दिवस हेड उघडावं लागतं. दाब आहे की नाही याचा पहिला अंदाज किकवर पायाला येतो. किक सरसर खाली गेली, मध्ये कुठे अडली नाही, तर व्हॉल्व्ह, रिंग किंवा हेडचं पॅकिंग यांपैकी कशातून तरी दाब जातोय. सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल तर ऑइल जळतंय. इथून पुढचं काम अंगणातलं नाही, ते गॅरेजात नेलेलं बरं.

पाण्यात बुडालेली गाडी

चिपळूणला मी गेलो ते वेगळ्या कारणासाठी. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरलं आणि असंख्य दुचाकी बुडाल्या. त्या दिवसांत ज्यांनी गाडी बाहेर काढल्या काढल्या स्टार्टर दाबला, त्यांतल्या काहींचे कनेक्टिंग रॉड वाकले, कारण पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की काहीतरी मोडतंच.

तिथल्या एका अनुभवी कारागिराने सांगितलेला क्रम असा. बॅटरीची वायर आधी काढायची. चावी लावायचीच नाही. प्लग काढून, किक हाताने हळूहळू दाबून पाणी भोकातून बाहेर काढायचं. एअर फिल्टरची पेटी उघडून सुकवायची. टाकी आणि कार्बोरेटर पूर्ण रिकामे करायचे. ऑइल काढल्यावर ते दुधाळ निघालं तर पाणी आत गेलंय. स्वस्त नवं ऑइल भरून थोडा वेळ इंजिन चालवायचं, ते काढायचं, पुन्हा भरायचं, दुधाळपणा जाईपर्यंत. चाकांचे बेअरिंग आणि ब्रेकचे ड्रमही उघडायचे. घाई न करणाऱ्यांच्या गाड्या त्या पुरानंतर वर्षानुवर्षं चालल्या.

दिवा किती वेळा लुकलुकतो

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस सहा आलं आणि कार्बोरेटर जवळजवळ सगळ्या नव्या मोटरसायकलींतून गेला. आता पेट्रोल टाकीतल्या पंपातून दाबाने येतं आणि इंजेक्टरने ते किती सोडायचं हे संगणक ठरवतो. ऑक्सिजनचा सेन्सर धुरातून मिश्रणाचा अंदाज घेतो, त्यामुळे इथेनॉलचा फरक तो बऱ्याच अंशी स्वतः भरून काढतो. चोक नाही, स्लो जेट नाही, स्क्रू नाही. काकांची अर्धी विद्या इथे लागू पडत नाही, आणि हे ते स्वतः मोकळेपणाने मान्य करतात.

पण उरलेली अर्धी जशीच्या तशी लागू पडते. प्लग तोच, कॅप तीच, एअर फिल्टर तोच, टॅपेटची फट तीच. उलट बॅटरीचं महत्त्व वाढलंय. जुन्या गाडीची बॅटरी मेली तरी किकवर गाडी निघायची, आता पंप आणि संगणक दोन्हींना करंट लागतो. स्लोला अडखळणारी बीएस सहा गाडी हडपसरला आली की मिस्त्री आधी बॅटरीचे टर्मिनल घासतात, अर्थिंगचा नट आवळतात, सेन्सरांचे कनेक्टर काढून कोरडे करून पुन्हा बसवतात. टाकी कायम तळाला आणून चालवणाऱ्यांचा पंप तापतो, कारण पेट्रोलच त्याला थंड ठेवतं, हेही ते ग्राहकाला सांगतात.

आणि मीटरमधला पिवळा इंजिनाचा दिवा. काही गाड्यांत बिघाडाचा क्रमांक हा दिवा लुकलुकून सांगतो: लांब चमक म्हणजे दहा, लहान चमक म्हणजे एक. मिस्त्रींच्या गॅरेजात एका तरुण कारागिराने माझ्यासमोर चमका मोजल्या, भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर तो आकडा शोधला आणि थेट त्या सेन्सरच्या कनेक्टरकडे हात नेला. कनेक्टरच्या एका पिनेवर हिरवट गंज चढलेला होता. तो साफ केला आणि इंजिन सुरळीत झालं. तो कागद त्याने स्वतः हाताने लिहिलेला होता, मराठीत, निरनिराळ्या गाड्यांचे आकडे जमवत जमवत. असा कागद प्रत्येक गाडीबरोबर, मालकाच्या भाषेत, छापून मिळायला हवा. गाडीचे पैसे मोजणाऱ्याला तिचा बिघाड समजून घ्यायचा हक्क आहे, मग तो पुढे गॅरेजात जावो किंवा न जावो. फलटणच्या पुतणीला पुढच्या वर्षी नवी गाडी घ्यायची आहे, आणि तिने या कागदाचा फोटो माझ्याकडून मागून घेतला आहे.